सेव्ह करायची राहिलेली दुपार

मशीन चालू होतं. हिरवा दिवा लागला होता, आतला पंखा फिरत होता, स्क्रीनवरची वेळसुद्धा बरोबर होती. फक्त आमच्यापैकी कुणीही त्याला आठवत नव्हतं.

पठारावरच्या त्या छोट्याशा खोलीत आम्ही तिघं होतो. एक मी, रेडिओ कंपनीची सर्व्हिस इंजिनियर, साताऱ्याहून दोन तास गाडी हाकत आलेली. दुसरे उपसा योजनेचे उपअभियंता, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात. आणि तिसरे फौजीकाका. त्यांचं नाव संपतराव, पण हवालदार म्हणून सैन्याच्या सिग्नल्समधून रिटायर झाल्यापासून त्यांना नावाने कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. गेली सहा वर्षं ते या स्टेशनचे ऑपरेटर होते. त्या दिवशी ते भिंतीला पाठ लावून, हात बाजूला घट्ट धरून सावधानमध्ये उभे होते.

"यांनी मशीन बंद केलं," साहेब म्हणाले. "सकाळी साडेनऊला. कशासाठी? तर पूजेसाठी!"

खंडेनवमी होती त्या दिवशी. आपल्याकडे शेतकरी विळा-कोयता पुजतो, गॅरेजवाला पाने मांडतो, शिंपी मशीनला हार घालतो. फौजीकाकांचं हत्यार म्हणजे हे बेस स्टेशन.

"दरसाल करतुय साहेब," काका हळूच म्हणाले. "चालू मशीनला हळद-कुंकू लावत न्हाईत. आदी त्याला इसावा द्याचा. धा मिन्टं बंद केलं, मग चालू केलं. बंद कराच्या आदी सगळ्यास्नी रेडिओवर सांगितलं बी हुतं."

"आणि चालू केल्यावर?"

काकांनी मान खाली घातली. चालू केल्यावर कुणाचाच आवाज आला नव्हता.

मीही तेव्हा शहाणपणा केला. म्हटलं, "काका, चालतं मशीन असं कुणी बंद करतं का?" माझ्या आवाजाला चांगली धार होती. ती मला आजही ऐकू येते.

आता थोडं समजावून सांगते, म्हणजे एवढा गहजब कशाचा ते कळेल. उपसा योजनेत कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर उचलून पूर्वेच्या कोरड्या भागात नेतात. एका टप्प्याने उचललेलं पाणी पुढच्या माणसाने वेळेवर पुढे सोडलं नाही, तर मधला कालवा तुंबतो आणि फुटतो. म्हणून तिथला नियम असा, की शेवटच्या गेटवरच्या माणसाचा आवाज रेडिओवर ऐकल्याशिवाय नदीवरचा पहिला पंप सुरू करायचा नाही. शेवटच्या टोकाला टेल म्हणतात. आमचं टेल म्हणजे मेटकरवस्ती. चार-पाच धनगरांची घरं, एक तलाव, आणि मोबाईलची रेंज अजिबात नाही. त्या वर्षी पाऊस त्या बाजूला वळलाच नव्हता. तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. दसऱ्याच्या सकाळी पंप सुरू होऊन तो तलाव भरायचा होता.

हातातल्या वॉकीटॉकीचा आवाज फार लांब जात नाही. बेस स्टेशन उंचावर बसून तो ऐकतं आणि तोच पुन्हा मोठ्याने बोलतं. आमची अशी तीन स्टेशनं एकमेकांना नेटवर्कने जोडलेली आहेत. एक नदीकाठी, एक विट्याजवळ आणि हे पठारावरचं. प्रत्येकाला तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं, शेजारच्या स्टेशनांचे पत्ते काय, आणि कुठल्या ग्रुपचा नंबर ओळखीचा मानायचा. यालाच आम्ही कॉन्फिगरेशन म्हणतो. त्या दिवशी मशीन जुन्याच फ्रिक्वेन्सीवर कान लावून बसलं होतं. तिथे आता कुणी बोलत नव्हतं.

"सहा वाजेपर्यंत टेलचा आवाज आला तर ठीक," साहेब जीपकडे जाताना म्हणाले. "नाहीतर पाण्याचं आवर्तन पुढं ढकलतो. आणि मॅडम, रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहा. ऑपरेटरने विनापरवाना मशीन बंद केलं. तेवढा कागद मला पुरे आहे. उद्यापासून इथं दुसरा माणूस."

जीप खाली उतरत गेली. तिची धूळ बराच वेळ वळणावर तरंगत राहिली.

काका सावधानमधून हलले नाहीत. मी म्हटलं, "बसा हो काका." ते कॉटच्या कडेला बसले. कॉटखाली पूजेचं ताट घाईने सरकवलेलं दिसत होतं. त्यातली झेंडूची फुलं कुणी चोरून आणल्यासारखी एका बाजूला लोटलेली होती. मशीन त्यांनी लख्ख पुसून काढलं होतं. फक्त पुढच्या एका स्क्रूच्या खाचेत कुंकवाची बारीक लाल रेघ राहिली होती.

"कुक्कू आत गेलं आसंल का वो मॅडम?"

"बघते," मी म्हटलं.

अशा वेळेसाठीच आम्ही बॅकअप घेतो. मशीनमधलं सगळं कॉन्फिगरेशन एका फाईलमध्ये उतरवून लॅपटॉपवर ठेवायचं. मशीन बिघडलं की ती फाईल परत आत घालायची, त्याला रिस्टोअर म्हणतात. माझ्याकडे फाईल होती. तिचं नाव मी स्वतः ठेवलं होतं, 'पठार फायनल'. मोठ्या ऐटीत ती रिस्टोअर केली. मशीनने दोन मिनिटं विचार केला आणि पुन्हा त्याच जुन्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन बसलं.

मी फाईलची वेळ बघितली. सकाळचे साडेअकरा.

मग मशीनच्या आतलं पान उघडलं, जिथे शेवटचं सेव्ह कधी झालं ते लिहिलेलं असतं. तीच तारीख, पावणेदोन वर्षांपूर्वीची. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. त्यानंतर एकदाही नाही.

माझे कान गरम झाले. कारण त्या दिवशी मी इथेच होते, आणि खरं काम मी दुपारी केलं होतं.

या मशीनच्या पानावर दोन बटणं असतात, अप्लाय आणि सेव्ह. अप्लाय म्हणजे सांगितलेलं ऐकलं. सेव्ह म्हणजे लक्षात ठेवलं. नुसतं अप्लाय केलं तरी मशीन छान चालतं, वर्षानुवर्षं चालतं. पण एकदा बंद होऊन चालू झालं, की शेवटचं जे सेव्ह केलेलं असेल तिथे परत जातं. इथे सोलर आणि बॅटऱ्या असल्यामुळे मशीन मधे कधी बंद पडलंच नव्हतं. मागच्या वर्षीच्या नवमीला काका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला होते आणि बदली माणसाने पूजा-बिजा काही केली नव्हती. म्हणजे माझी चूक पावणेदोन वर्षं त्या खोलीत हिरवा दिवा लावून बसली होती.

ती दुपार मला लख्ख आठवत होती. मेटकरवस्तीपर्यंतचा कालवा तेव्हा नुकताच झाला होता. सकाळी मी नियमाप्रमाणे जुनं कॉन्फिगरेशन सेव्ह केलं, बॅकअप घेतला. जेवण झाल्यावर नवीन फ्रिक्वेन्सी टाकली, शेजाऱ्यांचे नवीन पत्ते टाकले, टेलसाठी नवीन ग्रुप नंबर टाकला आणि अप्लाय दाबलं. दाबायचा अवकाश, रेडिओतून आवाज आला.

"हालू. कोन हाय का तितं?"

तो बिरू मेटकरी होता, टेलच्या गेटचा राखणदार. त्याच्या आवाजामागे मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. त्या जागेवरून कुणाचाही आवाज तोवर बाहेर गेला नव्हता. मी वॉकीटॉकी घेऊन खोलीबाहेर आले. पठारावर थंडीचं ऊन पसरलं होतं. पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या आणि त्यांच्या पात्यांच्या लांब सावल्या गवतावरून, माझ्या अंगावरून, पुन्हा गवतावरून जात होत्या. बिरू बोलत होता, घंटा वाजत होत्या. किती वेळ उभी होते कोण जाणे. आत आले तेव्हा लॅपटॉप झोपला होता. मी तो तसाच मिटला आणि आनंदात घरी गेले.

आई म्हणते, मला तंद्री लागते. शाळेत बाई शिकवत असायच्या आणि मी खिडकीतून अजिंक्यताऱ्यावरच्या ढगांत असायचे. मोठी झाले, इंजिनियर झाले, तंद्री तेवढी सुटली नाही.

बाहेर पवनचक्कीजवळच्या एका कोपऱ्यात मोबाईलला रेंज येते. तिथून पुण्याला देशमाने सरांना फोन लावला. ते माझे मॅनेजर. सगळं खरं सांगितलं.

"कोणाला बोललीस?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"मग बोलू नकोस. त्यांचा ऑपरेटर, त्यांनीच बंद केलं, त्यांचे साहेब स्वतः तसं म्हणतायत. ऑपरेटर एरर टाक. आपल्याला पुढचं कॉन्ट्रॅक्ट हवंय ना?"

"सर, त्या माणसाला काढतील."

"रिटायर्ड माणूस आहे, पेन्शन असेल. तू आधी मशीन चालू कर."

फोन बंद करून मी तिथेच उभी राहिले. पातं डोक्यावरून जाताना हूंऽऽ असा आवाज करत होतं. मला फार लाज वाटली. देशमाने सरांची नव्हे, स्वतःची. कारण त्यांचं बोलणं ऐकून क्षणभर मला हायसं वाटलं होतं.

परत आले आणि कामाला लागले. फाईल नसेल तर मशीनची आठवण दुसऱ्यांकडून गोळा करावी लागते. फ्रिक्वेन्सी काकांच्या वॉकीटॉकीत होती. तिला केबल लावून ती वाचून घेतली. शेजाऱ्यांचे पत्ते विट्याच्या स्टेशनने लक्षात ठेवले होते. नेटवर्कवरून त्याच्या आत शिरले आणि उतरवून घेतले. तासाभरात नदीकाठचा पंपवाला बोलायला लागला, मग विटा. काकांचा चेहरा थोडा सैल झाला.

राहिला टेलचा ग्रुप नंबर. बाकी सगळ्यांचा ग्रुप वेगळा होता, टेलला त्यांच्याशी मशीनच जोडून द्यायचं. तो चार आकडी नंबर मीच त्या दुपारी मनाला येईल तसा ठरवला होता. ऑफिसच्या यादीत बघितलं, तर त्या रकान्यात मीच लिहून ठेवलं होतं, 'नंतर'. आता तो नंबर जगात एकाच ठिकाणी उरला होता, मेटकरवस्तीत बिरूच्या वॉकीटॉकीत. तिथे जायचा रस्ता मधल्या खोल घळीला वळसा घालून जातो, पोचेपर्यंत सहा वाजून गेले असते.

"काका, आता एकच उपाय आहे," मी म्हटलं. "फ्रिक्वेन्सी जुळली आहे. बिरूभाऊंनी बटण दाबलं तर मशीन त्यांना आत घेणार नाही, आवाज येणार नाही. पण अनोळखी ग्रुपचं कुणीतरी आलं होतं, एवढं नंबरासकट लॉगमध्ये लिहील. लॉग म्हणजे मशीनची वहीच. तेवढा नंबर दिसला की झालं. पण ते बटण दाबतील कशाला? सकाळपासून हाका मारून मारून कंटाळले असतील."

काकांनी घड्याळ बघितलं. पावणेचार.

"पाच वाजता दाबंल," ते म्हणाले.

"कशावरून?"

"रोज पाचला रेडिओ चेक. मीच लावलंय त्येला. काम आसू दे, नसू दे, टाइम झाला की बोलायचं. जवाब येवो न येवो, आपला टाइम आपुन पाळायचा. पयल्या म्हयन्यात लय शिव्या खाल्ल्या त्येनं माज्या. आता मेंढरं बी पाचला थांबत्यात म्हंतोय."

मग आम्ही वाट बघत बसलो. काकांनी गॅसवर चहा ठेवला. खोलीचं दार उघडं होतं. मागच्या खिडकीतून पूर्वेला घळीपलीकडची जमीन उन्हात पांढुरकी दिसत होती, तिच्यावर धुकट असं काहीतरी थरथरत होतं. पवनचक्क्यांच्या सावल्या लांब होत होत्या. एक सावली दर काही सेकंदांनी दारातून आत येई, मशीनवरून, काकांच्या पांढऱ्या मिशांवरून जाई आणि बाहेर पडे. मी मोजत बसले. नंतर मोजणंही सुटलं.

"मला पेन्शन हाय मॅडम," काका अचानक म्हणाले. "पैशाचं न्हाई वो. मंडळी गेली, पोरगं तिकडं आसामात फौजेत. घरात टीव्ही हाय, पर टीव्ही आपल्यासंगं बोलत न्हाई. हितं सकाळधरनं धा जन माजं नाव घेत्यात. पठार, पठार, ऐकतायसा का? म्हंतो, ऐकतुय. एवढंच. पर ते गेलं तर मग..."

ते उठले. चहा उतू जायला आला होता, तो उतरवला.

आता गप्प बसणं मला शक्य नव्हतं. "काका," मी म्हटलं, "कुंकू आत गेलेलं नाही. तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. पावणेदोन वर्षांपूर्वी मी इथे काम केलं आणि सेव्ह करायला विसरले. बाहेर जाऊन पवनचक्क्या बघत बसले. आज सकाळी साहेबांसमोर तुम्हाला बोलले, तेही चुकलंच माझं. मला माफ करा."

त्यांनी कप माझ्या हातात दिला. मग आपला कप घेऊन कॉटवर बसले.

"सकाळधरनं मला वाटतंय, देवाच्या कामात माजा पाय घसारला," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसत होते. "आवं मॅडम, एवढंच हुतं तर सकाळीच सांगायचं न्हाई का? चार येळा पुसलं मी त्येला."

पाच वाजले. आम्ही दोघं स्क्रीनसमोर. लॉगचं पान रिकामं.

पाच वाजून दोन मिनिटं.

"घड्याळ बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"मिलिटरी टाइम हाय."

पाच वाजून पाच. काकांच्या ओठांची हालचाल चालू होती. देवाचं नाव घेत होते की बिरूला शिव्या देत होते, विचारलं नाही. मी मनातल्या मनात साहेबांना फोनवर काय सांगायचं ते जुळवत होते. दारातून सावली आली आणि गेली.

पाच वाजून सात मिनिटांनी स्क्रीनवर एक ओळ उमटली.

आवाज काहीच नव्हता. पंखा फिरत होता, बाहेर पाती घुमत होती, आणि स्क्रीनवर छोट्या अक्षरांत लिहून आलं होतं, की अमुक वेळी, चार आकडी अमुक नंबरचा एक अनोळखी ग्रुप आला आणि त्याला परत पाठवलं. घळीपलीकडे कुणीतरी आम्हाला हाक मारत होतं, मेंढरं त्याच्याभोवती थांबली होती, आणि इथे ती हाक नुसती दिसत होती. नंबर वाचताच मला आठवला.

नंबर टाकला. अप्लाय दाबलं.

"...पठार, पठार, आवं फौजी, ऐकतायसा का न्हाई? सकाळपास्नं बोंबलतुय मी हितं!"

मागे घंटा वाजत होत्या, अगदी तशाच. मी खुर्चीत मागे रेलले. काका वॉकीटॉकीवर ओरडत होते, "ऐकतुय रं! ऐकतुय! सात मिन्टं लेट का झाला?"

"बॅटरी उतरली बोलून बोलून. दुसरी घालत हुतो."

मी दाराकडे बघितलं. ऊन आता तांबूस झालं होतं. उठून बाहेर जाऊन उभं राहावं असं फार वाटलं. तेवढ्यात काकांनी माझ्या खांद्याला बोट लावलं आणि तेच बोट स्क्रीनकडे केलं.

"मॅडम. सेव्ह."

मी सेव्ह केलं. त्यांच्यासमोर, दोनदा. नवीन बॅकअप घेतला. एक लॅपटॉपवर, एक ऑफिसला पाठवायला, एक पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह काकांनी मागून घेतला आणि आपल्या काळ्या ट्रंकेत मेडलांच्या डबीत ठेवला. फाईलच्या नावात या वेळी 'फायनल' लिहिलं नाही. तारीख आणि वेळ लिहिली.

"आता हे बंद करा," मी म्हटलं.

काकांनी दचकून बघितलं. "परत?"

"सेव्ह झालंय की नाही, ते बंद केल्याशिवाय कळणार कसं? आणि पूजाही नीट झालेली नाही तुमची. करा दहा मिनिटं."

त्यांनी आधी बिरूला, मग सगळ्यांना रेडिओवर सांगितलं, पठार दहा मिनिटं बंद, काळजी नसावी. मग दोन्ही हातांनी स्विच खाली केला. हिरवा दिवा विझला, पंखा थांबला. इतकी शांतता त्या खोलीत मी पहिल्यांदाच ऐकली. कॉटखालून ताट बाहेर आलं. काकांनी मशीनला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ उंबऱ्याबाहेर फोडला. मीही हात जोडले. काय मागितलं ते सांगत नाही, पण त्यात देव कमी आणि मशीनच जास्त होतं.

स्विच वर. दिवा. पंखा. मशीन एकेक ओळ वाचत उठलं.

"पठार, मेटकरवस्ती," बिरूचा आवाज आला. "झाली का पूजा?"

सहाला पाच मिनिटं कमी असताना साहेब नदीकाठच्या पंपहाऊसवरून रेडिओवर आले. टेलचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला होता. "चांगलं झालं मॅडम. तो रिपोर्ट तेवढा आज पाठवा."

रेडिओवर एकाला बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. पंपवाले, गेटवाले, बिरू, सगळे. फोन करायचं सोडून मी तिथेच बोलले, कारण काकांनी मशीन बंद केलं म्हणून बिघडलं, असंच त्या सगळ्यांना वाटत होतं.

"साहेब, रिपोर्टमध्ये लिहिते, पण आत्ताच सांगते. चूक ऑपरेटरची नाही, माझी आहे. मागच्या कामात मी सेटिंग सेव्ह केलं नव्हतं. ते कधीतरी जाणारच होतं. उद्या कालव्यात पाणी भरलेलं असताना वीज पडून मशीन बंद झालं असतं, तर टेल गप्प झालं असतं आणि कालवा फुटला असता. संपतरावांनी आदल्या दिवशी, कोरड्या कालव्यावर, सगळ्यांना सांगून बंद केलं म्हणून निभावलं."

रेडिओ खरखरला.

"बरं," साहेब म्हणाले. "संपतराव, उद्या पहाटे साडेपाचला हजर राहा. पंप तुमच्या आवाजावर सुरू करायचेत."

"यस सर!" काका म्हणाले. खोलीत ते आणि मीच होतो, तरी त्यांनी सॅल्यूट ठोकला.

मला मेमो मिळाला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणून तो मी जपून ठेवला आहे. देशमाने सर आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. कॉन्ट्रॅक्टचं म्हणाल तर ते आम्हालाच मिळालं. साहेबांनी फक्त एक अट घातली, की काम झाल्यावर इंजिनियरने ऑपरेटरसमोर मशीन बंद करून चालू करून दाखवायचं आणि मगच त्याची सही घ्यायची. आता साताऱ्यापासून जतपर्यंत मी जिथे जाते तिथे ऑपरेटर हाताची घडी घालून माझ्यामागे उभा असतो.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसात होते. फौजीकाकांचा फोन आला. हॅलो म्हटलं, तर ते बोलेनातच. पवनचक्कीजवळच्या कोपऱ्यात उभं राहून फोन त्यांनी वॉकीटॉकीला लावून धरला होता. आधी खरखर, मग घंटा, मग बिरू कुणाला तरी ओरडून म्हणाला, "पानी आलं गंऽऽ!" आणि मग नुसतं पाणी, कोरड्या दगडांवरून येणारं. मी खिडकीकडे तोंड करून ऐकत बसले. समोरच्या स्क्रीनवर एक अर्धं काम उघडं होतं. आधी ते सेव्ह केलं, मग ऐकलं.

आमच्या कंपनीच्या देखभालीच्या वेळापत्रकात आता एक नवीन ओळ आहे. पठार स्टेशन, वार्षिक रिस्टार्ट टेस्ट, कालावधी दहा मिनिटं, जबाबदार व्यक्ती ऑपरेटर. मागच्या महिन्यात पुण्याहून ऑडिटची मेल आली. बाकी सगळ्या टेस्टची तारीख ठरलेली असते, या एकाच टेस्टची तारीख दरवर्षी वेगळी का, याचा खुलासा करावा.

मी एका ओळीत खुलासा केला. तारीख ऑपरेटर पंचांग बघून कळवतात.